खडखडण्याआधी

ताउनोला ऐकू येत नाही.
कागद गिरणीत एकतीस वर्षं काढली,
रोलरांच्या गर्जनेत कानांचा भुगा झाला.
तरी कायानीच्या उत्तरेला, बर्चच्या रांगेआड,
त्याच्या शेडबाहेर गाड्या ताटकळत असतात:
लाडावलेल्या, तापट, वय झालेल्या.

माझीही त्यातलीच.
सहा सिलिंडर, आठ हजार फेऱ्यांना गाणारी,
तीन लाख बारा हजार किलोमीटर चाललेली.
मी पुठ्ठ्यावर लिहिलं,
"कसलाही आवाज नाही. मस्त पळते."
त्याने वाचलं, आणि माझ्या अक्षरांखाली
तेलकट पेन्सिलीनं लिहिलं,
"म्हणूनच आत्ता उघडू."

आधी जुना फिल्टर कापला.
आतला कागद घडी घडी उलगडून
खिडकीतल्या तिरप्या उजेडात धरला.
जन्मभर कागदच पारखलेला माणूस.
दोन घड्यांच्या बेचक्यात काहीतरी चमकलं,
मुइक्कू साफ केल्यावर
बोटाला एखादं खवलं चिकटून राहतं ना,
तेवढंच. पण तांबूस.

मग ऑइलचं पात्र खाली उतरवलं.
फरशीवर पाठ टेकून
रॉडच्या टोप्या एकेक सोडवल्या,
बेअरिंगच्या बारा अर्धकोरी
वर्तमानपत्रावर मांडल्या, प्रत्येकीखाली आकडा.
बहुतेक राखाडी, निवांत.
दुसरीच्या कडेला तांबं उघडं.
पाचवी तर मधोमध उसवलेली.
माझा हात ओढून त्याने
माझंच नख तिच्यावरून फिरवलं.
ओरखडा लागला.
इंजिन याबद्दल एक अक्षर बोललं नव्हतं.

मला जानेवारीतली ती सकाळ आठवली.
उणे सव्वीस, दवाखान्यातली पाळी चुकत होती,
किल्ली फिरवली नि सुटलेच,
काटा लाल रेघेला टेकवत.
तेल तेव्हा काकवीसारखं,
अजून वाटेतच होतं.
पोलाद आणि बेअरिंग यांच्यात
केसाहून बारीक असा जो एक ओला थर असतो,
ज्याच्या जिवावर सगळा डौल,
तोच तेव्हा घरी नव्हता.
आणि अशा सकाळी काय एकच?

नवी बेअरिंगं बसवताना ताउनोने
क्रँकवर हिरव्या मेणाचा एक धागा ठेवला,
टोपी आवळली, क्रँक तसूभर न हलवता
पुन्हा सोडली. चपटा झालेला धागा
पट्टीशी ताडून पाहत राहिला कितीतरी वेळ.
तेलाला उभं राहायला जागा आहे का,
एवढंच बघायचं होतं त्याला.
जुने बोल्ट त्याने डब्यात टाकले.
मी उचलायला गेले तर हातावर चापट.
"एकदा ताणलेलं," त्याने लिहिलं,
आणि वाक्य तिथेच सोडलं.

कॉफीच्या वेळी हिल्क्का म्हणाली,
"गिरणीत दर वर्षी यायचा कान तपासणारा डॉक्टर.
हा जायचाच नाही.
म्हणायचा, ऐकू येतंय की मला."
ताउनो तिच्या ओठांकडे बघत होता.
साखरेचा खडा त्याने दातांत धरला,
त्यावरून कॉफी ओढली.
तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या माणसाचं हसू
असंच असत असेल,
आता दुसऱ्यांच्या विहिरी वेळेत खणून देणाऱ्या.

बिलाबरोबर पाचवी बेअरिंग मला परत मिळाली,
काड्यापेटीत, कापसात गुंडाळून.
ती आता गिअरपाशी असते.
गोठलेल्या सकाळी मी इंजिन चालू करते,
जरा थांबते, मग हळूच निघते,
तेलाचा काटा ऐंशीवर येईपर्यंत
अगदी गरिबासारखी चालवते,
अंगठ्यानं ती झीज चाचपत.
मागचा लाकडाचा ट्रक हॉर्न देतो.
देऊ दे.